नोंद बदलताना



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहीजण रेडिओचा कान पिळतील, हे मला ठाऊक आहे. विषय असा आहे की, संगणकातल्या वहीतली एखादी नोंद प्रोग्रॅममधून बदलायची, तर ती कशी बदलावी. पण जरा थांबा. आपला सातबारा आता संगणकात आहे. दुधाचा हप्ता, पीकविमा, मुलांची पटनोंदणी, रेशनकार्डावरची नावे, सारे तिथेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी मदतीचा पैसा मिळतो तो संगणकातल्या नोंदीत जो खाते क्रमांक असेल, त्या खात्यावर. तेव्हा ही नोंद कोण बदलतो आणि कशी बदलतो, हे ज्याला प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यानेही ऐकून ठेवावे. आणि ज्या शिक्षकबंधुभगिनींना वर्गात हा विषय शिकवायचा आहे, त्यांनी तर जवळ कागद-पेन्सिल घेऊनच बसावे.

मी गेवराईत मुलांना संगणक शिकवतो. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी माझ्या एका विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहिला. मुलगा हुशार. कोणाचे दूध किती लिटर, फॅट किती लागली, दर दहा दिवसांनी हप्ता किती झाला, हे सगळे त्याने नीट बसवले होते. शेवटी बँकेला द्यायची यादी निघे आणि त्या यादीवरून पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर जात.

आमच्या ओळखीच्या एक मावशी त्या केंद्रावर दूध घालीत. दोन म्हशी, घरात करते माणूस दुसरे नाही. त्या एक दिवस मला म्हणाल्या, “मास्तर, जुन्या बँकेत लई गर्दी व्हायलीय. मपला हप्ता ह्या नव्या खात्यावर टाकायला सांगा की त्या पोराला.” मी पासबुक घेतले आणि पोराला सांगितले. त्याने मावशींचा नवा खाते क्रमांक लिहिला, हुकूम चालवला. पडद्यावर ‘यशस्वी’ असे हिरवे अक्षर आले. मी मागे चहाचा कप घेऊन उभा होतो. म्हटले, “झालं का रे?” तो म्हणाला, “झालं सर.” मीही मान हलवली.

हुकुमात त्याने एवढेच लिहिले होते, की दूध उत्पादकांच्या वहीत खाते क्रमांक हा करावा. कोणाचा, हे लिहायचे राहून गेले होते. संगणकाने सांगितल्याप्रमाणे सर्वांचा केला. पुढच्या हप्त्याला गावाचे सगळे दूध मावशींच्या खात्यावर जमा झाले. बँक पैसे जमा करताना खाते क्रमांक पाहते, यादीतल्या नावाशी तो जुळतो की नाही ते पाहीलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी पासबुक घेऊन दारात उभ्या. “मास्तर, हे पैसे मपले न्हाईत. एवढं दूध दोन म्हशी देतील व्हय?” त्यांनी पैशाला हात लावला नव्हता. पण तोवर पारावर बोलणे सुरू झाले होते, की हिने मास्तराच्या पोराला हाताशी धरून काहीतरी केले. पैसे परत करणे सोपे गेले, कारण त्या प्रामाणिक होत्या. बोलणे परत घेणे तितके सोपे गेले नाही. आणि आणखी एक अडचण होती. बाकीच्यांचे जुने खाते क्रमांक पुसले गेले होते, त्यांची प्रत कुठे नव्हती. पोरगा आणि मी, दोघे घरोघर पासबुके मागत आठ दिवस हिंडलो. चूक त्याच्या हाताने झाली, पण मागे उभा असलेला मी होतो, तेव्हा ती माझी.

हे आधी सांगितले, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते.

संगणकात नोंदींच्या ज्या वह्या असतात, त्यांना टेबल म्हणतात. आडव्या ओळी, उभे रकाने, आपल्या हजेरीपटासारखेच. अशा टेबलांच्या रूपात माहिती ठेवावी, हा विचार एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडला. तो आयबीएम कंपनीत होता. चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी त्या टेबलांशी बोलायची एक भाषा सुचवली. तिचेच पुढे एसक्यूएल झाले. तिच्यात नोंद बदलण्याचे वाक्य तीन भागांचे असते. ‘अपडेट’ म्हणून वहीचे नाव, ‘सेट’ म्हणून कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते, आणि ‘व्हेअर’ म्हणून कोणत्या ओळीत. तिसरा भाग नसला तरी वाक्य व्याकरणाने शुद्धच ठरते. संगणक हटकत नाही, ‘सगळ्यांचे करू का?’ असे विचारत नाही.

मायएसक्यूएल नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये हाताने हुकूम देण्याचे जे साधन आहे, त्यात एक बटण असे आहे की अट न घातलेला अपडेट ते चालूच देत नाही. त्या बटणाचे एक नाव ‘सेफ अपडेट्स’, आणि दुसरे, करणाऱ्यांनी गमतीने ठेवलेले, ‘आय ॲम अ डमी’. म्हणजे ‘मी अडाणी आहे’. माझे मत विचाराल तर हे बटण अडाण्याने नव्हे, शहाण्यानेच आधी दाबून ठेवावे. पण ते त्या साधनापुरते. प्रोग्रॅममधून हुकूम जातो तेव्हा पहारा आपला आपणच ठेवायचा.

पहारा कसा ठेवावा? अपडेट लिहिण्याआधी तीच अट घालून नुसते वाचून पाहावे. ‘या अटीत किती ओळी बसतात ते सांग.’ एक आली पाहिजे आणि एक आली, तर पुढे जावे. एकशे चाळीस आल्या, तर चहा बाजूला ठेवावा.

आता ही अट कशावर घालायची? नावावर घालू नये. आपल्या तालुक्यात तलवाडा घ्या, उमापूर घ्या, मादळमोही घ्या, एकाच गावात एकाच नावाची, बापाचेही नाव तेच असलेली तीन माणसे निघतात. शिवाय एकच नाव एक कारकून ऱ्हस्व लिहितो, दुसरा दीर्घ. जुन्या लोकांनी जमिनीला गट क्रमांक दिला, खातेदाराला खाते क्रमांक दिला, तो याचसाठी. शाळेला यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक असतो तोही त्याचसाठी. वहीतल्या प्रत्येक ओळीला तिचा असा एक क्रमांक असावा, जो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही आणि कधी बदलत नाही. अट त्या क्रमांकावर घालावी. मात्र गट क्रमांकही एकटा पुरत नाही हं. गट क्रमांक १२ अनेक गावांत असतो. गाव, गट आणि पोटहिस्सा मिळून ओळख पुरी होते. हे तलाठ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे, प्रोग्रॅम लिहिणारा विसरतो.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती जरा सावकाश सांगतो.

प्रोग्रॅम आणि डेटाबेस ही दोन वेगळी माणसे समजा. प्रोग्रॅम खिडकीपाशी बसलेला, डेटाबेस आतल्या खोलीत. प्रोग्रॅम चिठ्ठी लिहून आत पाठवतो आणि आतला माणूस चिठ्ठीत लिहिले असेल ते करतो. नवशिका मुलगा चिठ्ठी कशी तयार करतो? वाक्याचा पहिला तुकडा, त्याला खिडकीवरच्या माणसाने सांगितलेले नाव चिकटवले, मग वाक्याचा दुसरा तुकडा, त्याला क्रमांक चिकटवला. सगळे मिळून एक लांब ओळ झाली. आतल्या माणसाला त्यातले आपले शब्द कोणते आणि गिऱ्हाइकाचे कोणते, हे कळायला मार्ग उरत नाही.

एक साधे उदाहरण. एसक्यूएलमध्ये नाव लिहायचे तर ते एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. आता वसईकडचे डिसोझा हे आडनाव पाहा. इंग्रजीत ते लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक तसलेच चिन्ह देतात. वसईहून एखादे डिसोझा गुरुजी बदलून आपल्याकडे आले आणि कोणी त्यांचे नाव तसे भरले, की आतल्या माणसाला वाटते नाव त्या चिन्हापाशी संपले. उरलेला ‘सोझा’ म्हणजे काय हुकूम आहे, हे त्याला उमगत नाही. प्रोग्रॅम अडतो. गुरुजी म्हणतात, माझेच नाव का घेत नाही? बिचाऱ्यांचा काही दोष नसतो.

हे झाले निरागस माणसाचे. आता लबाडाचे पाहू. खिडकीवर सभासद क्रमांक विचारला. त्याने १७ असे न लिहिता लिहिले, ‘१७ किंवा १ बरोबर १’. प्रोग्रॅमने ते तसेच चिठ्ठीला चिकटवले. आत वाक्य गेले, की ज्याचा सभासद क्रमांक १७ आहे, किंवा १ बरोबर १ आहे, त्याचे खाते बदल. एक बरोबर एक हे तर साऱ्यांच्याच बाबतीत खरे! म्हणजे अट लिहिली असूनही नसल्यासारखी झाली, आणि मावशींच्या वेळी जे विसरल्याने घडले ते इथे कोणीतरी मुद्दाम घडवले. ही युक्ती १९९८ पासून उघडपणे लिहिली-बोलली गेली आहे. एवढी वर्षे झाली, तरी तिच्यापायी अजून नुकसान होते. कारण दरवर्षी नवी मुले नव्याने चिठ्ठ्या चिकटवायला बसतात, आणि त्यांना शिकवणारे आम्ही फळ्यावर तसेच लिहून दाखवतो, सोपे पडते म्हणून.

यावर उपाय तहसीलच्या आवारात रोज दिसतो. छापील अर्ज! मजकूर आधीच छापलेला, आणि जिथे नाव, गाव, गट लिहायचा तिथे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत तुम्ही काहीही लिहा, त्याने छापील मजकूर बदलत नाही. नावाच्या जागी कोणी ‘किंवा १ बरोबर १’ लिहिले, तर त्या चमत्कारिक नावाचा माणूस शोधला जाईल, तो सापडणार नाही, आणि नुकसान काहीच होणार नाही. डेटाबेसला असेच द्यायचे असते. वाक्य पूर्ण लिहायचे, किंमतीच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तशीच एखादी खूण ठेवायची, आणि किंमती वेगळ्या, क्रमाने, हातात द्यायच्या. जावामध्ये याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. पायथॉनमध्ये वाक्य आणि किंमती असे दोन स्वतंत्र भाग एक्झिक्यूटला देता येतात. कोणत्याही चालू भाषेत ही सोय आहे. चिकटवण्यापेक्षा तिला टंकनही कमीच लागते. फक्त एवढे ध्यानात असू द्या, की वहीचे किंवा रकान्याचे नाव रिकाम्या जागेतून देता येत नाही. ते बदलते ठेवायचेच असेल, तर आपण आधी ठरवलेल्या यादीतूनच घ्यावे, खिडकीवरच्या माणसाकडून नव्हे.

आता आणखी एक तक्रार, जी माझ्याकडे दर वर्षी परीक्षेच्या आधी येते. “सर, प्रोग्रॅम बिनचूक चालला, एररसुद्धा आला नाही, पण वही उघडून पाहिली तर जुनीच नोंद!”

ज्यांनी हस्तलिखित सातबाऱ्याचा काळ पाहिला आहे, त्यांना याचे कारण चटकन समजेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम १४९ प्रमाणे, जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. कलम १५० प्रमाणे तलाठी ती गोष्ट फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहितो. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस मिळतात. त्या काळात सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलीने केलेली असे. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की मग ती शाईने पक्की व्हायची. प्रमाणित झाला नाही, तर पेन्सिलीची नोंद पुसली जायची.

डेटाबेसमध्येही पेन्सिल आणि शाई असते. आपण अपडेट चालवला ती पेन्सिल. ‘कमिट’ म्हटले की शाई. ‘रोलबॅक’ म्हटले की खोडरबर. पायथॉनमध्ये डेटाबेसशी जोडणी करणारी नेहमीची साधने कमिटची वाट पाहतात. तुम्ही ते म्हटले नाही आणि प्रोग्रॅम संपला, तर पेन्सिलीचे लिहिणे पुसले जाते. जावाच्या जोडणीत मात्र मुळातच प्रत्येक हुकूम लगेच शाईने लिहिला जातो. तिथे पेन्सिल हवी असेल तर तशी आधी मागावी लागते. आपण कुठे उभे आहोत ते पाहूनच पाऊल टाकावे. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. तलाठ्याची पेन्सिलीची नोंद चावडीवर आलेल्या कोणालाही दिसे. डेटाबेसमधली पेन्सिल सहसा लिहिणाऱ्यालाच दिसते. त्यामुळे मुलाला स्वतःच्या पडद्यावर बदल दिसतो, शेजारच्या पडद्यावर दिसत नाही, आणि दोघे भांडत बसतात.

पेन्सिलीचा खरा उपयोग कळतो तो दोन नोंदी एकदम बदलायच्या असतात तेव्हा. समजा एका भावाच्या नावावर १ हेक्टर २० आर जमीन आहे. त्याने त्यातले ४० आर, आपल्या बोलण्यात सुमारे एकरभर, विकले. आता देणाऱ्याचे क्षेत्र ८० आर करायचे आणि घेणाऱ्याच्या नावे ४० आर लावायचे. दोन हुकूम झाले. पहिला झाला आणि वीज गेली. आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे मी सांगायला नको. आता देणाऱ्याकडून ४० आर गेले, घेणाऱ्याला मिळाले नाहीत. कागदावरून एकरभर काळी माती नाहीशी झाली! म्हणून दोन्ही हुकूम पेन्सिलीने लिहायचे, दोन्ही नीट झाले हे पाहायचे, आणि मग एकदाच कमिट म्हणायचे. मध्ये वीज गेली, तर डेटाबेस पुन्हा उठल्यावर अर्धवट लिहिलेले आपोआप पुसून टाकतो. होईल तर सगळे, नाहीतर काहीच नाही. या व्यवहाराला ट्रान्झॅक्शन म्हणतात. जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाने यावर जे काम केले, त्याबद्दल त्याला १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वांत मोठा मान आहे. एवढा विचार कशासाठी? तर वीज गेल्यावर कोणाचे ४० आर हरवू नयेत यासाठीच, असे मी वर्गात सांगतो. त्याच्यापुढे बँकांचे आणि विमानाच्या तिकिटांचे व्यवहार होते, आपल्यापुढे जमिनीचे.

‘नीट झाले हे पाहायचे’ असे म्हटले. कसे पाहायचे? अपडेट चालल्यावर डेटाबेस एक आकडा परत देतो, किती ओळी बदलल्या त्याचा. जावामध्ये एक्झिक्यूट-क्वेरी हे वाचण्यासाठी आणि एक्झिक्यूट-अपडेट हे बदलण्यासाठी. दुसऱ्याचे उत्तर म्हणजेच हा आकडा. मुले तो टाकून देतात. तो टाकू नये. एक यायला हवा होता आणि शून्य आला, तर तो क्रमांकच वहीत नाही. एकाहून अधिक आला, तर ताबडतोब रोलबॅक. त्या दिवशी आमच्या पोराने हिरव्या ‘यशस्वी’ ऐवजी हा आकडा पडद्यावर आणला असता, तर चहाचा कप हातात असतानासुद्धा तो मला दिसला असता. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की जुनी आणि नवी किंमत एकच असली तर तिथे ओळ सापडूनही आकडा शून्य येऊ शकतो. तेव्हा शून्य दिसले म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही, तपासून पाहावे.

आता दोन माणसे एकाच वेळी एकाच नोंदीवर आली तर? मावशींची उचल २००० रुपये आहे. एका खिडकीवर ५०० वळते करायचे आहेत, दुसऱ्या खिडकीवर पेंडीचे ३०० वाढवायचे आहेत. दोघांनीही २००० वाचले. पहिल्याने १५०० लिहिले. दुसऱ्याने, आपल्याजवळच्या २००० वरून, २३०० लिहिले. पहिल्याचे ५०० गेले कुठे? हिशेबाने १८०० पाहिजेत. मावशी म्हणणार, मी पैसे भरले. केंद्र म्हणणार, दिसत नाहीत. दोघेही खरे बोलत आहेत. इथे वाचून, स्वतः वजाबाकी करून, उत्तर लिहू नये. ‘जी उचल असेल तीतून ५०० कमी कर’ असा हुकूमच आत द्यावा, म्हणजे डेटाबेस एकापाठोपाठ एक दोन्ही करतो. जिथे अशी बेरीज-वजाबाकी नसते, पत्ता किंवा वारसांची नावे असतात, तिथे ओळीला आवृत्तीचा एक रकाना जोडावा. वाचताना आवृत्ती ७ होती, तर ‘आवृत्ती अजून ७ असेल तरच बदल आणि ८ कर’ असे म्हणावे. मधल्या काळात कोणी हात लावला असेल तर बदललेल्या ओळींचा आकडा शून्य येतो. मग पुन्हा वाचावे आणि माणसाला विचारावे.

रिकाम्या रकान्याबद्दल एक वाक्य. ज्यात काहीच भरलेले नाही, त्याला ‘नल’ म्हणतात, आणि ‘बरोबर नल’ अशी अट कशालाच जुळत नाही. ‘इज नल’ असे म्हणावे लागते. खाते क्रमांक भरायचे राहिलेल्यांना शोधताना मुले इथे हटकून फसतात.

आणि आता त्या घरोघर हिंडण्याबद्दल. आमची खरी फजिती कशामुळे झाली? जुने पुसून त्यावर नवे लिहिले म्हणून. सातबाऱ्यावर असे कधी करीत नसत. जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करायचे नाही. त्याला कंस करायचा, खाली नवे नाव लिहायचे आणि वर्तुळात फेरफार क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकावरून नमुना ६ उघडला की कोणी, केव्हा, कशावरून बदलले ते सापडे. निजामाच्या अमलातले आणि त्यानंतरचे जुने कागद घेऊन आजही लोक नोंदीचा माग काढतात, तो त्यामुळेच निघतो. सातबारा संगणकावर आला, ई-फेरफार आला, २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. कंसाच्या जागी आता कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ असते, आणि फेरफार प्रलंबित असेल तर तसे लिहिलेले दिसते. म्हणजे पेन्सिल गेली, तरी पेन्सिलीची जागा राखून ठेवली आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण फेरफार त्याने घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा, हे दोन हात वेगळेच राहिले.

आपल्या छोट्या प्रोग्रॅमलाही एक फेरफाराची वही जोडावी. खाते क्रमांक बदलायचा तर जुना क्रमांक, नवा क्रमांक, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव आधी त्या वहीत, मग मूळ वहीत, आणि दोन्ही एकाच कमिटमध्ये. आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढे तशी वही जोडली, आणि खाते बदलल्यापासून एक हप्ता जाईपर्यंत केंद्राच्या सचिवाने ते पासबुकाशी ताडून पाहावे असेही ठरवून घेतले. सचिवांना ते जाचक वाटले. मला वाटले नाही.

ज्यांना आपल्या घरच्या नोंदीची काळजी असेल, त्यांनी सातबारा, आठ-अ अधूनमधून काढून नजरेखालून घालावा. नाव, क्षेत्र, बोजा बरोबर आहे ना ते पाहावे. लिहिण्यातली चूक असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करून मागता येते. तिथेही दुरुस्ती म्हणजे गुपचूप पुसणे नव्हे, तिचासुद्धा फेरफारच होतो.

शिक्षकांनी वर्गात एक करावे. दहा ओळींची एक वही करावी. त्यात एकाच नावाची दोन माणसे ठेवावीत, एक डिसोझा ठेवावा, एकाचा खाते क्रमांक रिकामा ठेवावा. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर चालवावा आणि सभासद क्रमांकाच्या जागी ‘१७ किंवा १ बरोबर १’ हे एसक्यूएलच्या शब्दांत स्वतः टंकून पाहावे. मग दोन हुकुमांच्या मध्ये संगणकाची वीज खरोखर बंद करावी. मुलांना या शेवटच्या भागात फार मौज वाटते. डेटाबेसची प्रत मात्र आधी काढून ठेवा.